सीमारेषा सगळ्यात शेवटी: शेजारच्या राज्यांची ओळख मुलांना करून देताना

एका वर्षी स्नेहसंमेलनात मी 'राज्यांची ओळख' नावाचा कार्यक्रम बसवला होता. गुजरात म्हणजे दांडिया, गोवा म्हणजे रंगीत टोपी, कर्नाटक म्हणजे पुठ्ठ्याचा मुकुट. टाळ्या भरपूर पडल्या. सहावीतली एक मुलगी त्यात पंजाब झाली होती. महिन्याभराने पालकसभेला तिची आजी आली आणि बोलता बोलता कळलं की आजी विजापूरकडच्या, घरात निम्मं बोलणं कन्नडमध्ये. मुलीने कधी सांगितलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी मात्र कर्नाटक उभं करायला सोनेरी कागद आणत हिंडत होतो.

तेव्हापासून हा विषय उलट्या टोकाने घेतो. घरातून सुरुवात, मग शब्द, नदी, वाटा, माणसं. आणि नकाशावरची सीमारेषा सगळ्यात शेवटी. पाचवी ते आठवीच्या वर्गांत हा क्रम चालतो. आठवड्याला दोन तासिका मिळाल्या तर सहा-सात आठवडे लागतात. भाषा, इतिहास, भूगोल यांपैकी कुठल्याही तासाला हे बसतं, त्यामुळे वेळापत्रकात वेगळी जागा मागत फिरावं लागत नाही.

शेजारी निवडा, पण एकच

महाराष्ट्राला सहा राज्यं लागून आहेत: गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक आणि गोवा. शिवाय दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश. सातही घ्यायला गेलात तर हाती फक्त राजधान्यांचा तक्ता उरेल. शाळा कुठे आहे ते पाहून एक निवडा. कोल्हापूर, सांगली, सोलापूरला कर्नाटक, नांदेडला तेलंगणा, नंदुरबारला गुजरात किंवा मध्य प्रदेश, गोंदियाला मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड, गडचिरोलीला छत्तीसगड किंवा तेलंगणा, पालघरला गुजरात, सिंधुदुर्गाला गोवा. पुण्या-मुंबईच्या शाळांनी वर्गातली मुलं पाहून ठरवावं, तिथे सगळेच शेजारी बाकांवर सापडतात.

'एक भारत श्रेष्ठ भारत' या केंद्राच्या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे. ते जरूर करा. पण दारातला शेजारी सोडून थेट भुवनेश्वरला जायचं, हे मला जरा गमतीचं वाटतं.

मी पुढची उदाहरणं जास्त करून कर्नाटकाची देणार आहे, कारण माझा शेजार तो. तुमचा दुसरा असेल तर सांगाडा तोच ठेवून आतला माल बदला.

पहिली पायरी: घरात विचारून या

मुलांना एक कागद द्या, त्यावर चारच प्रश्न. घरातलं मोठं माणूस रागावताना किंवा देवापुढे कुठल्या भाषेत बोलतं? घरातलं कुणी लग्न होऊन, कामासाठी किंवा शिकायला दुसऱ्या राज्यातून आलं किंवा तिकडे गेलं का? घरचे लोक जत्रेला, नवस फेडायला, उरुसाला कुठे जातात? घरात तिकडून आलेली एखादी जुनी वस्तू आहे का?

रागावण्याचा प्रश्न मुद्दाम आहे. 'घरची भाषा कोणती' असं विचारलं की मुलं डोळे झाकून 'मराठी' लिहितात. शाळेत तेच बरोबर असतं असं त्यांना वाटतं. आजी रागावली की काय म्हणते, असं विचारा, मग कन्नड, तेलुगू, गोंडी, अहिराणी, उर्दू सगळं बाहेर पडतं.

'तुमचं मूळ गाव कोणतं' आणि 'तुम्ही कोण' हे प्रश्न मात्र घालू नका. त्यांची उत्तरं जातीपाशी जाऊन थांबतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या घरांतल्या मुलांना ती अडचणीचीही वाटतात. कागद वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे नाहीत. तुम्ही घरी वाचा आणि ज्या मुलाला सांगायचं आहे त्याला सांगू द्या.

दुसरी पायरी: शब्दांची झडती

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण साहित्य काही लागत नाही आणि मुलं हमखास रंगतात.

मी फळ्यावर एकच शब्द लिहितो: तूप. हा शब्द कुणाचा? 'आपला' असं उत्तर येतं. मग शेजारी 'तुप्प' लिहितो, कन्नडमध्ये तुपाला तुप्प म्हणतात. वर्ग जरा गप्प होतो. पुढचा शब्द अडकित्ता. कन्नडमध्ये अडिके म्हणजे सुपारी. सुपारी कातरायच्या अवजाराचं नाव तिथून आलं असं भाषेचे अभ्यासक मानतात. खलबत्त्यातला 'खल' त्यांनी कन्नडच्या 'कल्लु'शी, म्हणजे दगडाशी जोडला आहे. अक्का, अण्णा, अप्पा तर तिकडेही जसेच्या तसे आहेत. आणि कन्नडमध्ये 'तायि' म्हणजे आई, हे ऐकल्यावर मुलं 'ताई' म्हणताना अडखळतात. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे सर, भाकरीवर तूप घालताना आपण कन्नड बोलतो?" तो तास तिथेच संपला तरी चाललं असतं.

गोवा निवडलं असेल तर पोर्तुगीज शब्दांची झडती घ्या: पगार, चावी, घमेलं, लिलाव, बटाटा, पाव. मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड असेल तर फसव्या शब्दांचा खेळ घ्या. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे ती छडीने मिळते. हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'संसार' म्हणजे जग. या तीन शब्दांवर मुलांना दोन माणसांचा संवाद लिहायला सांगा, एक नागपूरचा आणि एक जबलपूरचा. नाटकुली आपोआप तयार होतात.

शब्दांच्या नोंदीला वहीत तीन रकाने पुरतात: आपला शब्द, शेजाऱ्याचा शब्द, कुणी सांगितला. तिसरा रकाना महत्त्वाचा. 'मोबाइलवर पाहिलं' हे उत्तर चालणार नाही, माणसाचं नातं लिहायचं: आत्या, दूधवाले काका, शेजारची आजी. दोन्हीकडे संस्कृतातून आलेले शब्दही भरपूर सापडतील. त्यांना वेगळी खूण करा, नाहीतर मुलं प्रत्येक सारख्या शब्दावर 'त्यांनी आपला घेतला' किंवा 'आपण त्यांचा चोरला' असा निकाल लावून मोकळी होतात.

विदर्भ आणि खानदेशातल्या शिक्षकांच्या हाताशी तर याहून मोठा ऐवज आहे. मराठी आणि हिंदी इंडो-आर्य भाषा. गडचिरोली-चंद्रपूरची गोंडी मात्र द्रविड कुळातली, म्हणजे नात्याने तेलुगू-कन्नडला जवळची. मेळघाटातली कोरकू मुंडा गटातली. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात आणि पलीकडे मध्य प्रदेशात बोलली जाणारी निहाली कुठल्याच ज्ञात भाषाकुळात बसत नाही. एका जिल्ह्याच्या अंतरात एवढं वैविध्य जगात फार ठिकाणी मिळत नाही, आणि आपण मुलांना प्रमाण उच्चारावरून टोकत बसतो.

तिसरी पायरी: नदी काढा, सीमा न काढता

चार कार्डशीट चिकटवून एक लांब पट्टी करा आणि जमिनीवर पसरा. नकाशातून फक्त नदी आणि तिच्या काठची गावं उतरवायची. राज्यांची नावं नाहीत, तुटक रेषा नाहीत.

कृष्णा घेतली तर महाबळेश्वरपासून सुरू होऊन वाई, कराड, सांगली, नरसोबाची वाडी करत पुढे कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्रातून ती बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरी त्र्यंबकेश्वरची, सुमारे १४६५ किलोमीटरची. नांदेड सोडल्यावर तेलंगणात बासरचं सरस्वतीचं देऊळ तिच्याच काठी आहे. तापीची गंमत वेगळी. ती मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते, सगळं खानदेश भिजवते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. ना उगम आपला, ना मुख, तरी खानदेश तिचाच. आणि मांजरा मुलांना फार आवडते: बीड जिल्ह्यात उगम, लातूरमधून कर्नाटकात बिदरकडे, तिथून तेलंगणात, आणि मग माहेरची ओढ लागल्यासारखी उत्तरेला वळून नांदेडच्या सीमेवर गोदावरीत.

पट्टी पूर्ण झाली की वर्गाचे गट करा: उगमाजवळचा शेतकरी, मधल्या शहरातला पाणीपुरवठा अधिकारी, धरणावरचा अभियंता, खालच्या गावातला कोळी. पाऊस कमी पडलेल्या वर्षी कुणाला किती पाणी, हे त्यांनी आपसांत ठरवायचं. मग तेच उलट करा, महापूर आलाय. सांगली-कोल्हापूरच्या मुलांना २०१९ आठवत नसेल तर घरचे सांगतात, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव त्यांनी भांडणातच ऐकलेलं असतं. खालच्या गावाची भूमिका मुद्दाम नदीकाठी राहणाऱ्या मुलाला देऊ नका, उलट करा. आपल्या घरात पाणी शिरलेल्या मुलाला धरणावरचा अभियंता व्हायला लावलं की त्याचे प्रश्न बदलतात. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये लवाद नेमावा लागला होता, हे खेळ संपल्यावर सांगा. आधी सांगितलं तर मुलं 'लवाद ठरवेल' म्हणून हात झटकतात.

चौथी पायरी: माणसं कुठून कुठे गेली

इथे श्रद्धा शिकवायची नाही, वाट शिकवायची आहे. पालकांनी विचारलं तर हेच वाक्य वापरा, मला तरी ते पुरलं आहे.

ज्ञानदेवांच्या अभंगातला विठ्ठल 'कानडा' आहे. पलीकडे कन्नडमध्ये रचना करणाऱ्या पुरंदरदासांची नाममुद्राच 'पुरंदर विठ्ठल'. खंडोबा जेजुरीत खंडोबा, कर्नाटकात मैलार, तेलंगणात मल्लन्ना. दत्तभक्तांची वाट वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्यापासून नरसोबाच्या वाडीवरून कलबुर्गी जिल्ह्यातल्या गाणगापूरला जाते, आणि मराठीत घरोघरी वाचल्या जाणाऱ्या गुरुचरित्राचे कर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती. सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या गाड्या आपल्याकडून निघतात, तशा कलबुर्गीच्या ख्वाजा बंदेनवाज दर्ग्याच्या उरुसालाही निघतात. पहिल्या पायरीचे कागद आता काढा. मुलांच्या घरचे लोक जिथे जिथे जातात ती ठिकाणं नकाशावर टाचण्यांनी लावा आणि शाळेपासून दोरे ओढा. हा नकाशा पुस्तकात मिळत नाही. तो तुमच्याच वर्गाचा असतो.

देवांपुरतं थांबू नका. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधल्या सांगलीतल्या प्रयोगासाठी. त्याआधी कर्नाटकातल्या एका यक्षगान मंडळीचे खेळ सांगलीत झाले होते. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना 'असं काही आपल्या भाषेत करा' म्हणून कामाला लावलं. म्हणजे मराठी नाटकाची गोष्ट सुरू होते ती एका पाहुण्या खेळापासून. गदगचे भीमसेन जोशी कुंदगोळच्या सवाई गंधर्वांकडे शिकले आणि गुरूच्या नावाचा महोत्सव त्यांनी पुण्यात उभा केला. बेळगावजवळ जन्मलेले कुमार गंधर्व मुंबईत शिकले आणि मध्य प्रदेशात देवासला स्थायिक झाले. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं ते कन्नड कवितेसाठी. यातला एकच माणूस निवडून त्याचा प्रवास मुलांकडून काढून घ्या. सगळी नावं एका तासात सांगितलीत तर ती यादी होईल आणि मुलं ती पाठ करतील.

कापडही विसरू नका. आजीच्या ट्रंकेतली इरकली साडी म्हणजे बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची. सोलापूरच्या मागावरचे हात बरेचसे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे. साडी वर्गात आणली तर काठ आणि पदर मुलांच्या हाती द्या, लांबून दाखवू नका. मात्र आधी हात धुवायला लावा. हा नियम मी एका साडीवर शाईचा ठिपका पडल्यावर शिकलो, आणि ती साडी परत करायला जातानाचा जिना अजून आठवतो.

पाचवी पायरी: एक दिवस, दोन महिने

ही छोटीच आहे. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर आणि शेजारच्या राज्यातलं कॅलेंडर शेजारी लावा. गुढीपाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात. आपला दिवाळीचा पाडवा हा गुजरातेत नव्या वर्षाचा पहिला दिवस. मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, म्हणून तिकडचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. कृष्णजन्म दोन्हीकडे एकाच रात्री, पण आपल्या कॅलेंडरात तो श्रावणात आणि त्यांच्या कॅलेंडरात भाद्रपदात. का, ते मुलांनीच शोधायचं. गणिताच्या शिक्षकांना सोबत घ्या, ते खूश होतात.

सहावी पायरी: शेजाऱ्याशी बोलणं

इथपर्यंत आल्यावरच प्रत्यक्ष भेट ठेवा, आधी नाही. मुलांकडे विचारायला काही असायला हवं.

भेटीसाठी राज्य ओलांडायची गरज नसते. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. सोलापुरात तेलुगू माध्यमाच्या आहेत. मुंबई महापालिका आठ भाषांत शाळा चालवते. केंद्रप्रमुखांना विचारलं तर जवळची शाळा कळते. दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलांचे फोटो व्हॉट्सअॅप गटांत फिरणार नाहीत हे आधीच ठरवून ठेवा.

सुरुवात पत्राने करा. प्रत्येक मुलाचं एक पत्र, त्यात आपल्याबद्दल तीन गोष्टी आणि दोन प्रश्न. एक ओळ तरी त्यांच्या लिपीत, कितीही वाकडीतिकडी. उत्तरं आल्यावर व्हिडिओ कॉल किंवा भेट. आमचा पहिला कॉल फसला. दोन वर्ग एकमेकांकडे पाहत बसले आणि आम्ही दोघे शिक्षकच बोलत राहिलो. दुसऱ्या वेळी प्रत्येक मुलाने हातात काहीतरी धरून बसायचं ठरवलं: डबा, विटी, गोधडीचा तुकडा. वस्तू समोर आली की भाषा येत नसली तरी बोलणं होतं. "हे तुमच्याकडे काय म्हणतात?" हा एक प्रश्न अर्धा तास पुरतो.

शेवटची पायरी: आता रेषा

आता सीमा काढायची. ट्रेसिंग पेपरवर तीन नकाशे करा: १९५० चा, १९५६ नंतरचा आणि १ मे १९६० नंतरचा. एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा.

नांदेडच्या एखाद्या पणजीचं उदाहरण द्या. ती हैदराबाद राज्यात होती, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आली, १९६० मध्ये महाराष्ट्रात. घर तेच, विहीर तीच. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. गुजरात आणि महाराष्ट्र साडेतीन वर्षं एकाच राज्यात नांदले. आणि शेजारीही नवे होतात, छत्तीसगड २००० मध्ये, तेलंगणा २०१४ मध्ये. सुरुवातीला सांगितलेल्या त्या आजी या तासाला वर्गात आल्या होत्या. त्यांनी काचेवरच्या पहिल्या नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "मी जन्मले तेव्हा आमचं विजापूर मुंबई राज्यातच होतं." पोरांनी आधी माझ्याकडे पाहिलं. नकाशा आजींच्या बाजूने होता.

मग बेळगावचा प्रश्न येतोच. टाळू नका, टाळलात तर मुलं तो फलक आणि घोषणांमधून शिकतील. काय घडलं ते सांगा: १९५६ च्या पुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ चा त्याचा अहवाल महाराष्ट्राने मान्य केला नाही, २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन्ही बाजू काय म्हणतात ते एकाच लांबीच्या दोन परिच्छेदांत लिहून द्या, शब्दही मोजा. वर्गात मतदान घेऊ नका. हात वर करून घेतलेलं मत मुलं घरी नेतात आणि संध्याकाळी तुम्हाला फोन येतो. त्याऐवजी प्रश्न असा ठेवा: बेळगावातल्या मराठी शाळेतल्या मुलाला आणि जतच्या कन्नड शाळेतल्या मुलाला एकसारख्या कुठल्या अडचणी येत असतील? या प्रश्नावर माझ्या वर्गात कधी भांडण झालं नाही, पण शांतताही राहिली नाही.

इतिहासाचं पुस्तक याच सुमारास उघडा. सुरतेवरच्या १६६४ च्या स्वारीचा धडा झाला की त्या दिवशीची रोजनिशी सुरतेतल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या नजरेने लिहायला सांगा, आणि मग स्वारीतल्या मावळ्याच्या नजरेने. महाराजांचा मोठेपणा याने उणावत नाही, पण काही पालकांना शंका येते, म्हणून दोन्ही रोजनिश्या एकाच वहीत, समोरासमोरच्या पानांवर लिहून घ्या.

गुण कसे द्यायचे

आकारिक मूल्यमापनात हे सहज बसतं. राजधानी, लोकनृत्य, मुख्य पीक असले प्रश्न काढू नका. शब्दांची वही पाहा, तिसऱ्या रकान्यात किती वेगवेगळी माणसं आली ते मोजा. नदीच्या खेळात मुलाने आपली भूमिका मांडताना समोरच्याचं एखादं म्हणणं स्वतःच्या तोंडी घेतलं का, ते टिपून ठेवा. आणि एक लेखी प्रश्न पुरे: 'शेजारच्या राज्यातल्या मुलाला तुमच्या गावात काय ओळखीचं वाटेल?' पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारून कागद जपून ठेवा, शेवटच्या आठवड्यात पुन्हा विचारा आणि दोन्ही कागद एकत्र स्टेपल करून मुलाला परत द्या. शेरा लिहायची गरज पडत नाही, मुलं आपलं पहिलं उत्तर वाचून स्वतःच हसतात.